उतारवयात राहते घर तारण ठेवून दरमहा पैसे : रिव्हर्स मॉर्गेज घ्यावे का?

सहकारनगरकर (प्रश्न)

माझे वय ७२, पत्नीचे ६७. पुण्यात १९८६ साली बांधलेल्या इमारतीत आमची सदनिका आहे. ती माझ्या एकट्याच्या नावावर असून आजचा भाव साधारण एक कोटी धरता येईल. खासगी नोकरी केल्याने निवृत्तिवेतन नाममात्र आहे आणि ठेवींच्या व्याजात औषधे व सोसायटीचा मेंटेनन्स भागवताना ओढाताण होते. मुलगी बंगळूरला असते, परंतु तिच्यापुढे दरमहा हात पसरणे आम्हा दोघांनाही नको वाटते. रिव्हर्स मॉर्गेज घेतल्यास हाती किती पडेल, आणि माझ्या पश्चात पत्नीला घर सोडावे लागेल का?

निवृत्त शाखाधिकारी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तेच अधिक महत्त्वाचे आहे. पत्नीला सहकर्जदार करून घ्या. नॅशनल हाउसिंग बँकेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पती-पत्नींपैकी एकाचे वय ६० पूर्ण आणि दुसऱ्याचे ५५ हून कमी नसले, की दोघे मिळून कर्ज घेऊ शकतात, आणि शेवटच्या कर्जदाराच्या मृत्यूपर्यंत किंवा तो घर कायमचे सोडून जाईपर्यंत वसुली होत नाही. बँकेकडून आपल्याला मिळणारे हप्ते ठरलेल्या मुदतीनंतर, म्हणजे जास्तीत जास्त २० वर्षांनी, थांबतात. राहण्याचा हक्क मात्र थांबत नाही, आणि व्याजही.

आता रकमेचे. समजा बँकेने घराच्या किमतीच्या ६० टक्के, म्हणजे व्याजासकट ६० लाख, ही मर्यादा धरली आणि व्याजदर साडेदहा टक्के असला, तर १५ वर्षांच्या मुदतीत दरमहा सुमारे १३,८०० रुपये मिळतील. एकूण हाती येतील जेमतेम २५ लाख. उरलेले ३५ लाख व्याजाचे. मुदत १० वर्षे केली तर हप्ता सुमारे २८,५०० होतो, पण आपण ८२ व्या वर्षी आणि वहिनी ७७ व्या वर्षी हप्त्याविना राहाल. बहुतेक लोक एक कोटीच्या घरावर याहून कितीतरी मोठ्या रकमेची अपेक्षा ठेवून शाखेत येत, आणि आकडा ऐकून परत जात.

हे हप्ते कर्जाचे असल्याने त्यांवर प्राप्तिकर लागत नाही. घरपट्टी, विमा आणि डागडुजी मात्र आपल्याकडेच राहते. पुढे मुलीला कर्ज फेडून घर ठेवता येईल. तिने ते न फेडल्यास बँक घर विकेल आणि वरची रक्कम तिला देईल. विक्रीतून कर्ज पुरते न फिटल्यास तूट तिच्याकडून वसूल करता येत नाही.

कोथरूडची ताई

घर सोडण्याची तयारी असेल, तर आणखी एक हिशेब करून पाहा. याच भागात ६० लाखांची लहान सदनिका घेऊन, खर्च वजा जाता उरलेले ३५ लाख दोघांच्या नावांवर विभागून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला सुमारे ७१,७५० रुपये, म्हणजे महिन्याला २४ हजारांच्या आसपास मिळतील. हे व्याज करपात्र आहे, परंतु मुद्दल शाबूत राहते. आमच्या सासूबाईंनी हा पर्याय ऐकूनही घेतला नाही, कारण त्यांचे देवळातले भजन आणि जिना उतरला की भाजीवाली त्यांना सोडायची नव्हती. अशांसाठीच कमी पैशांचे कर्ज परवडते.

सोसायटी सचिव

इमारत १९८६ ची आहे, याकडे कोणी लक्ष दिले नाही. घराचे उर्वरित आयुष्य किमान २० वर्षे असावे अशी अट असते, त्यामुळे बँकेचा मूल्यांकनकार प्रथम स्लॅब आणि कॉलमच पाहील. पुनर्विकासाची चर्चा चालू आहे का?

सहकारनगरकर

सर्वांचे आभार. पुनर्विकासाचा विषय मागील सर्वसाधारण सभेत निघाला होता. बिल्डर अद्याप ठरलेला नाही.

निवृत्त शाखाधिकारी

मग सध्या अर्ज करू नका. घर एकदा तारण गेले की पुनर्विकासाच्या करारासाठी बँकेचीही संमती लागेल आणि त्यात महिने जातील. नवी सदनिका ताब्यात आली की तिचे मूल्य वाढलेले असेल, आपले वयही वाढलेले असेल, आणि या दोन्हींमुळे हप्ता अधिक बसेल. तोवर बिल्डरकडून मिळणारे भाडे आणि कॉर्पस (एकरकमी निधी) यांच्या अटी करारात नीट लिहून घ्या.