मदत हवी आहे: एक फॉर्म बंद होऊन दुसरा उघडताना फोकस भलत्याच प्रोग्रॅमकडे जातो

नमस्कार.

सी-शार्प आणि विंडोज फॉर्म्स वापरून मी मालाच्या आवक-जावकीची नोंद ठेवणारा एक डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहिला आहे. त्यात एका फॉर्मवरून (म्हणजे विंडोवरून) दुसऱ्यावर जाताना कीबोर्डचा फोकस, म्हणजे टाइप केलेली अक्षरे मिळण्याचा मान, हरवतो, आणि तोही दर वेळी नाही, तर अधूनमधून, त्यामुळे दोष नेमका कुठे आहे ते हाती लागत नाही. मेथड (फॉर्मला द्यायच्या आज्ञा) आणि इव्हेंट (काही घडले की मिळणाऱ्या सूचना) यांची नावे देवनागरीत लिहिली आहेत, जाणकारांना ती ओळखता येतील अशी आशा आहे.

रचना साधी आहे. लॉगिननंतर मुख्य फॉर्म उघडतो, त्यावर एक टेक्स्टबॉक्स आहे, आणि त्यात खोक्याचा बारकोड आला की त्या खोक्याचा आवक फॉर्म उघडतो. पडद्यावर एका वेळी एकच फॉर्म दिसावा अशी वापरणाऱ्यांची इच्छा होती, म्हणून मी आधी मुख्य फॉर्म 'हाइड' करतो (लपवतो), मग आवक फॉर्म 'शो-डायलॉग'ने (तो बंद होईपर्यंत पुढची ओळ थांबवणाऱ्या मेथडने) उघडतो, तो बंद झाला की भरलेल्या नोंदी डेटाबेसमध्ये साठवतो आणि शेवटी मुख्य फॉर्म पुन्हा 'शो' करतो (दाखवतो). या चार ओळी लिहिताना त्यांत काही वावगे असेल अशी शंकाही आली नव्हती.

नोंद करणारी व्यक्ती पडद्याकडे फारसे पाहत नाही. तिच्या एका हातात स्कॅनर आणि दुसऱ्या हातात वस्तू असते. संगणकाच्या लेखी हा स्कॅनर म्हणजे एक कीबोर्डच असून तो आकडे टाइप करतो आणि शेवटी एंटर दाबतो. गेल्या आठवड्यात मला दाखवण्यात आले की मागे उघड्या असलेल्या एका स्प्रेडशीटच्या स्तंभात १३ आकडी ११ क्रमांक एकाखाली एक नीट मांडले गेले होते. आमचा मुख्य फॉर्म त्या स्प्रेडशीटच्या मागे निमूटपणे उभा होता. त्या ११ नोंदी आमच्याकडे आल्याच नाहीत, आणि स्कॅनर मात्र प्रत्येक वेळी आपला 'बीप' देत होता, म्हणून कोणाला संशयही आला नाही.

मी केलेले प्रयत्न असे. 'शो'नंतर लगेच 'अ‍ॅक्टिव्हेट' आणि 'ब्रिंग-टू-फ्रंट' या दोन्ही मेथड वापरून पाहिल्या, पण त्यांनी फरक पडला नाही. फार तर टास्कबारवरचे बटण लुकलुकते. 'टॉपमोस्ट' (विंडो इतरांच्या वर ठेवणारा गुणधर्म) खरे करून लगेच खोटे केले, तर फॉर्म सगळ्यांच्या वर दिसू लागतो, पण टाइप केलेली अक्षरे स्प्रेडशीटमध्येच जातात, म्हणजे हा तर पहिल्यापेक्षा वाईट प्रकार झाला. शेवटी इंटरनेटवर सापडलेली 'अटॅच-थ्रेड-इनपुट'ची युक्तीही करून पाहिली. तिने दोन दिवस काम भागले आणि तिसऱ्या दिवशी प्रोग्रॅम जागीच गोठला, म्हणून ती काढून टाकली.

त्यानंतर अग्रभागी कोणती विंडो आहे हे ऑपरेटिंग सिस्टिमला वारंवार विचारून त्याची वेळेसह नोंद करणारा एक छोटा लॉग जोडला. बिघडलेल्या एका खेपेची नोंद अशी आहे: १०:४२:०७.३१ ला आवक फॉर्म अग्रभागी, १०:४२:०७.३४ ला स्प्रेडशीट अग्रभागी, १०:४२:०९.०५ ला मुख्य फॉर्म 'शो' झाला, आणि १०:४२:०९.०६ लाही स्प्रेडशीटच अग्रभागी. सुरळीत पार पडलेल्या खेपांमध्येही मधला स्प्रेडशीटचा टप्पा येतोच, फक्त शेवटी मुख्य फॉर्म पुढे येतो. हे पाहून मी अधिकच गोंधळलो आहे. माझ्या स्वतःच्या संगणकावर हा प्रकार एकदाही घडलेला नाही.

याच प्रोग्रॅमच्या आणखी दोन तक्रारी याच विषयातल्या वाटतात म्हणून इथेच मांडतो. आवक फॉर्मवर 'नग' आणि 'दर' असे दोन टेक्स्टबॉक्स आहेत. प्रत्येकाच्या 'लीव्ह' इव्हेंटमध्ये (कर्सर बाहेर पडताना येणाऱ्या) मी मजकूर तपासतो, चूक असल्यास मेसेजबॉक्स दाखवतो आणि 'फोकस' मेथडने कर्सर परत त्याच टेक्स्टबॉक्समध्ये आणतो. दोन्ही रिकामे असले की एकाचा संदेश बंद करावा तर दुसऱ्याचा येतो, दुसऱ्याचा बंद करावा तर पहिल्याचा, आणि यातून सुटायला शेवटी टास्क मॅनेजर गाठावा लागतो. दुसरी तक्रार अशी की मुख्य फॉर्मच्या 'लोड' इव्हेंटमध्ये (दिसण्याआधी येणाऱ्या) बारकोडच्या टेक्स्टबॉक्सला 'फोकस' दिला तरी कर्सर तिथे जात नाही. तोच कोड 'शोन' इव्हेंटमध्ये हलवल्यावर पहिल्या वेळी जातो, पण आवक फॉर्मवरून परतल्यावर जात नाही.

'शो'नंतर काय केले म्हणजे मुख्य फॉर्म खात्रीने पुढे येईल आणि स्कॅनरची अक्षरे त्यालाच मिळतील, हा माझा मूळ प्रश्न आहे.

प्रतिसाद १

लॉग जोडलात हे उत्तम केलेत, त्यामुळे अंदाज बांधायला काही आधार तरी मिळाला. दोन गोष्टी कळल्या तर बरे होईल. ७.३४ ते ९.०५ या पावणेदोन सेकंदांत आपला कोड काय करत असतो? आणि आपल्या संगणकावर तपासताना आपण स्कॅनर वापरता का?

धागाकर्ता

त्या वेळात नोंदी साठवल्या जातात, आणि वापरणाऱ्यांकडचा डेटाबेस नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकावर आहे. माझ्याकडे तो याच संगणकावर असल्याने साठवण डोळे मिटून उघडेपर्यंत संपते. स्कॅनर माझ्याकडे नाही, मी बारकोड हातानेच टाइप करतो.

प्रतिसाद २

वरच्या दोन उत्तरांतच सगळा उलगडा आहे, तो सविस्तर मांडतो.

आपण 'शो'नंतर काय करावे असे विचारता आहात, पण बिघाड त्याच्या बराच आधी होतो. सक्रिय विंडो नाहीशी झाली की विंडोजला तिच्या जागी कोणाला तरी सक्रिय करावेच लागते. आवक फॉर्म बंद होतो त्या क्षणी आपल्या प्रोग्रॅमची एकही दृश्य विंडो शिल्लक नसते, कारण मुख्य फॉर्म आपणच लपवलेला असतो. मग मागे जो कोणी उभा असेल, त्याच्याकडे सूत्रे जातात, आणि आपल्याकडे तिथे स्प्रेडशीट होती. हे दर वेळी घडते, म्हणूनच सुरळीत खेपांमध्येही तो टप्पा आपल्याला दिसला.

आता हे अधूनमधूनच का बिघडते, ते पाहू. विंडोज ९५ च्या काळात कोणताही प्रोग्रॅम मनात येईल तेव्हा स्वतःला पुढे आणू शकत असे. लिहिता लिहिता मध्येच दुसरी विंडो उसळी मारून वर येई आणि अर्धे वाक्य तिच्यात पडे. म्हणून विंडोज ९८ आणि विंडोज २००० पासून अग्रभागी येण्यावर अटी घातल्या गेल्या. त्यांतली एक अट अशी की कीबोर्ड किंवा माउसची शेवटची हालचाल ज्या प्रोग्रॅमला मिळाली असेल, त्याला पुढे येण्याची मुभा असते. आपण हाताने तपासता तेव्हा शेवटची कळ आपल्याच प्रोग्रॅमला मिळालेली असते, म्हणून तो क्षणभर मागे जाऊनही परत येतो. तिकडे मात्र साठवण चालू असतानाच्या पावणेदोन सेकंदांत कोणी पुढचा बारकोड स्कॅन केला, तर ते आकडे स्प्रेडशीटला मिळतात आणि शेवटची हालचाल तिच्या नावावर जमा होते. त्यानंतर आपला 'शो' आणि 'अ‍ॅक्टिव्हेट' ही विंडोजच्या लेखी आगंतुकाची लुडबुड ठरते, आणि विंडोज फक्त टास्कबारवरचे बटण लुकलुकवून आपली बोळवण करते.

'टॉपमोस्ट'चा अनुभवही यात बसतो. विंडोंची एकावर एक रचलेली चळत ही एक गोष्ट आणि अक्षरे कोणाला मिळणार ही दुसरी, आणि 'टॉपमोस्ट' फक्त चळतीतली जागा बदलतो. 'अटॅच-थ्रेड-इनपुट' काढून टाकलेत ते योग्यच झाले. त्या युक्तीने आपल्या थ्रेडची (प्रोग्रॅममधल्या कामाच्या ओघाची) इनपुट-रांग, म्हणजे कळा आणि क्लिकांची रांग, दुसऱ्या प्रोग्रॅमच्या रांगेशी बांधली जाते, आणि तो अडकला की आपणही त्याच्यासोबत अडकतो.

उपाय म्हणून अग्रभाग परत मिळवण्याच्या खटपटीत पडू नका, तो हातचा सोडूच नका. मुख्य फॉर्म लपवू नका आणि 'शो-डायलॉग'ला मालक (ज्या विंडोवर डायलॉग उघडतो ती) म्हणून मुख्य फॉर्म द्या. आवक फॉर्म पूर्ण पडदाभर उघडला तर मागचा मुख्य फॉर्म कोणाला दिसतच नाही, म्हणजे वापरणाऱ्यांची इच्छाही पुरी होते. 'शो-डायलॉग' मालकाला तेवढ्यापुरता निष्क्रिय करतो आणि डायलॉग बंद होताना आधी मालकाला पुन्हा सक्षम करून मगच डायलॉग काढून घेतो. हाच क्रम उलटा झाला, तर मालक निष्क्रिय असल्यामुळे विंडोज त्याला वगळून पुन्हा परक्या विंडोकडे वळते, म्हणून ही व्यवस्था हाताने करण्याच्या भानगडीत पडू नये. मुख्य फॉर्म लपवणे टाळताच येत नसेल, तर निदान नवा फॉर्म आधी दाखवा आणि जुना नंतर लपवा.

साठवणही आवक फॉर्म बंद होण्यापूर्वीच उरकून घ्यावी असे मी सुचवेन. तेवढा वेळ स्कॅनरचे आकडे आपल्याच फॉर्मकडे येतील आणि त्यांचे काय करायचे हे आपल्या हातात राहील.

प्रतिसाद ३

मूळ प्रश्नाचे उत्तर वर आले आहे, मी उरलेल्या दोन तक्रारींपुरते लिहितो.

फोकस बदलत असताना सुटणाऱ्या इव्हेंटमध्ये फोकस हलवू नये, अशी सूचना विंडोज फॉर्म्सच्या अधिकृत दस्तऐवजात स्पष्टपणे दिलेली आहे आणि त्या यादीत 'लीव्ह'चा समावेश आहे. 'नग'मधून बाहेर पडताना आपण कर्सर मागे खेचता, तो तोवर 'दर'मध्ये पोहोचू लागलेला असतो, त्यामुळे 'दर'चाही 'लीव्ह' सुटतो आणि तोही आपला संदेश दाखवून कर्सर स्वतःकडे ओढतो. या कामासाठी 'व्हॅलिडेटिंग' हा इव्हेंट आहे. त्यात 'कॅन्सल' खरे केले की फोकस मुळात हलतच नाही, म्हणजे परत आणण्याचा प्रश्न उरत नाही. 'रद्द करा' बटणाचे 'कॉझेस-व्हॅलिडेशन' (ते दाबताना तपासणी व्हावी का हे ठरवणारा गुणधर्म) मात्र आठवणीने खोटे ठेवा, नाहीतर अर्धवट भरलेला फॉर्म सोडून देण्याची वाटच बंद होईल. कोपऱ्यातल्या फुलीलाही हीच अडचण येते. तपासणी फसली की 'फॉर्म-क्लोजिंग' या फॉर्म बंद होतानाच्या इव्हेंटपर्यंत 'कॅन्सल' आधीच खरे होऊन आलेले असते, ते तिथे खोटे करावे लागते.

आपल्या बाबतीत मेसेजबॉक्स अजिबात वापरू नये असे माझे मत आहे. स्कॅनर प्रत्येक क्रमांकाच्या शेवटी एंटर दाबतो, आणि त्या एंटरने संदेशावरचे 'ओके' कोणी वाचण्याआधीच दाबले जाते. टेक्स्टबॉक्सशेजारी लाल खूण दाखवणारा 'एरर-प्रोव्हायडर' फोकसला हात न लावता तेच काम करतो.

'लोड'च्या वेळी फॉर्म अजून दृश्य झालेला नसतो, आणि जे दिसत नाही त्याला फोकस देता येत नाही. तिथे 'फोकस' न वापरता फॉर्मच्या 'अ‍ॅक्टिव्ह-कंट्रोल'ला (फोकस कोणाला मिळावा हे सांगणाऱ्या गुणधर्माला) तो टेक्स्टबॉक्स नेमून द्यावा. 'शोन' तर फॉर्मच्या आयुष्यात एकदाच, पहिल्यांदा दिसतानाच येतो, नंतर कितीही वेळा लपवून दाखवला तरी येत नाही. 'अ‍ॅक्टिव्हेटेड'मध्ये (फॉर्म पुन्हा सक्रिय झाल्यावर येणाऱ्या इव्हेंटमध्ये) हा कोड टाकण्याचा मोह होईल, पण तो इव्हेंट प्रत्येक मेसेजबॉक्स बंद झाल्यावरही येतो, आणि मग वापरणारा जिथे टाइप करत होता तिथून कर्सर उडी मारून पहिल्या टेक्स्टबॉक्समध्ये जातो. 'शो-डायलॉग' ज्या ओळीवर परततो तिच्या लगेच खाली त्या टेक्स्टबॉक्सची 'सिलेक्ट' मेथड लिहावी, एवढे आपल्याला पुरेसे आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. चार ओळींतली 'हाइड' आणि 'शो' या दोन ओळी खोडल्या, मालक नेमला आणि साठवण आवक फॉर्मच्या आत नेली. ती चालू असताना आलेले बारकोड एका यादीत धरून ठेवतो आणि मुख्य फॉर्म पुढे आला की क्रमाने हाताळतो. तपासण्यासाठी साठवणीच्या आधी मुद्दाम तीन सेकंदांचा विलंब घातला, मागे रिकामी स्प्रेडशीट उघडी ठेवली आणि तिकडचाच स्कॅनर मागवून त्या तीन सेकंदांत भराभर स्कॅन केले. लॉगमध्ये आता आवक फॉर्मनंतर थेट मुख्य फॉर्म येतो, मधला टप्पा नाहीसा झाला आहे आणि स्प्रेडशीट कोरी राहिली. जुना कोड त्याच विलंबासह चालवून पाहिल्यावर पहिल्याच खेपेला आकडे तिच्यात जाऊन पडले, म्हणजे निदान बरोबर होते.

'व्हॅलिडेटिंग'चा बदलही केला आहे. फुलीने फॉर्म बंद होत नसल्याची तक्रार अर्ध्या तासातच आली, पण कारण आधीच वाचलेले होते.