एन्चांटेड आयर्न पिकॅक्स ठेवू का साधा डायमंड बनवू?

रात्रीचाखेळाडू:
माइनक्राफ्ट गेम, जावा आवृत्ती, सर्व्हायव्हल मोड. गावातल्या लोहाराच्या पेटीत ऑब्सिडियन (काळा कठीण दगड) मिळालं म्हणून एन्चांटिंग टेबल (अवजारांना जादूचे गुण लावायचं) लवकर झालं, त्यावर आयर्न पिकॅक्सला (कुदळीला) इफिशियन्सी ४ (खोदायचा वेग) आणि अनब्रेकिंग ३ (टिकाऊपणा) लागलं. आता हातात नेमके ३ हिरे आहेत आणि एक्सपी (एन्चांटला लागणारे अनुभवाचे गुण) संपलाय. साधा डायमंड पिकॅक्स बनवून तोच वापरायला घेऊ का? मित्र म्हणतो डायमंड तो डायमंड, मला काही पटत नाहीये.

डीपस्लेटवाला:
मित्राला सांग गप बस 😄 आयर्नचा मूळ स्पीड ६, डायमंडचा ८. पण इफिशियन्सीमुळे लेव्हलचा वर्ग अधिक १ एवढी भर पडते, म्हणजे ४ ला १७. तुझा आयर्न झाला २३ आणि तो साधा डायमंड बसला ८ वर. साधा दगड फोडायला तुला ०.१ सेकंद, त्याला ०.३. डीपस्लेटला (खोलवरचा जास्त कठीण दगड) तुला ०.२ आणि त्याला ०.६. आणि गंमत म्हणजे उद्या डायमंडलाही इफिशियन्सी ४ लावलीस तरी या दोन्ही ब्लॉकला वेळ तेवढाच लागतो, कारण गेम टिकमध्ये (सेकंदाचा विसावा भाग) मोजतो आणि तो बारीकसा फरक त्यात गिळला जातो.

लोहारबुवा:
स्पीडचं बरोबर आहे, पण टिकण्याचं कोण बघणार? आयर्न २५० वापरांचा, अनब्रेकिंग ३ ने सरासरी चौपट धर म्हणजे हजारेक. साधा डायमंड १५६१. आणि दुसरं म्हणजे आयर्नवर केलेला खर्च तिथेच राहतो रे, आयर्नचा डायमंड करता येत नाही, डायमंडचा नेदराइट (त्याच्याही वरचा प्रकार) मात्र एन्चांटसकट होतो. म्हणून या आयर्नला अॅनव्हिलवर (ऐरणीवर) नेऊन एन्चांटची पुस्तकं चिकटवत बसू नकोस, आहे तसा झिजव. मेंडिंग (एक्सपीने झीज भरून काढणारं एन्चांट) टेबलवर येतच नाही, ते पुस्तक विकणारा लायब्ररियन व्हिलेजर (गावकरी) पकडून ठेव, ते पुस्तक डायमंडसाठी राखून ठेव.

रात्रीचाखेळाडू:
मग हिरे पेटीत ठेवू? नेदरला (पोर्टलमधून जायचं दुसरं जग) पण जायचंय.

डीपस्लेटवाला:
पोर्टलसाठी पिकॅक्स लागतच नाही, बादलीने लाव्हा आणि पाणी ओतून जागच्या जागी ऑब्सिडियनची फ्रेम उभी होते. पण ऑब्सिडियन उचलून आणायचं असेल तर डायमंडच पाहिजे, आयर्नने ते फोडलं तर हाती काही येत नाही. बनवून ठेव, रोजच्या खोदकामाला काढू नकोस, एक्सपी जमला की त्यावर लेव्हल ३० चं एन्चांट मार (टेबलाभोवती पंधरा बुकशेल्फ लावलेत ना?). लेव्हल ३० लागतात पण कापल्या ३ च जातात.

गोल्डप्रेमी:
सोन्याचं कोणी बोलेल का, स्पीड १२ 😎

लोहारबुवा:
आणि ३२ वापरात तुटतो, शिवाय हिराच काय साधं आयर्न ओअरसुद्धा निघत नाही त्याने. पुढचा.

खाणगणित:
आयर्न कुठे खरंच कमी पडतो ते सांगतो. बीकनचा (आसपास शक्ती देणारा ब्लॉक) हेस्ट २ म्हणजे वेग १.४ पट, आणि इफिशियन्सी ५ असेल तर दगड एका फटक्यात जायला ४५ च्या वर स्पीड लागतो. डायमंड ३४ गुणिले १.४ म्हणजे ४७.६, पास. आयर्न ३२ गुणिले १.४ म्हणजे ४४.८. पॉइंट दोनने नापास 😭 पण बीकन म्हणजे आधी विदर (तगडा बॉस) मारायचा, तोपर्यंत तुझा हा आयर्न कधीच झिजून गेला असेल, बिनधास्त वापर.