मदत हवी आहे : ल्युपसमध्ये मृत पेशी वेळेवर उचलल्या जात नाहीत, हे कारण की परिणाम?

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार, असल्याचे निदान काही महिन्यांपूर्वी झाले. मागच्या भेटीत डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, "या आजारात मेलेल्या पेशी वेळेवर उचलल्या जात नाहीत," आणि तेव्हापासून ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. माझे शिक्षण वैद्यकातले नाही, म्हणून वाचून जे समजले ते येथे मांडते. चुकले असेल तेथे जाणकारांनी दुरुस्त करावे.

प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज सुमारे ३३० अब्ज पेशी बदलल्या जातात आणि त्यांतल्या बहुतेक रक्तातल्या असतात. तरीही निरोगी ऊतीत सूक्ष्मदर्शकाखाली मृत पेशी क्वचितच सापडते. छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होणाऱ्या टी पेशींपैकी (या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) बहुसंख्य तेथेच मरतात, पण तेथेसुद्धा त्यांचा खच पडलेला दिसत नाही, कारण पेशी फुटण्याआधीच मॅक्रोफेज या भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा स्निग्ध रेणू जिवंत पेशी आपल्या आवरणाच्या आतल्या बाजूला राखून ठेवते; ती मरू लागली की तो बाहेरच्या बाजूला येतो आणि मॅक्रोफेजला तीच खूण पुरते. या क्रियेला इफेरोसायटोसिस म्हणतात, आणि ज्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले त्याचा अर्थ 'मृताला दफनासाठी वाहून नेणे' असा आहे, हे वाचून मी बराच वेळ थांबले होते. गिळणारी पेशी त्याच वेळी दाह शमवणारी द्रव्येही सोडते, म्हणूनच एवढ्या मृत्यूंची आपल्याला चाहूलही लागत नाही.

ही उचल लांबली तर पेशी फुटते, केंद्रकातला डीएनए बाहेर सांडतो आणि रोगप्रतिकारक यंत्रणा त्यालाच परका समजू शकते. बहिणीच्या अहवालात 'अँटी डीएस-डीएनए' (डीएनएविरुद्धची प्रतिपिंडे) पॉझिटिव्ह आहे, त्याचा अर्थ मी असाच लावला. गेल्या महिन्यात ती अर्धा तास उन्हात थांबली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही गालांवर व नाकाच्या दांड्यावर लाल चट्टा उमटला. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी तेवढी कोरी राहिली होती. उन्हाने त्वचेच्या पेशी मरतात आणि त्या वेळेवर उचलल्या जात नाहीत, म्हणून हे होते का?

माझा मुख्य प्रश्न असा, की उचल मंदावते म्हणून ल्युपस होतो, की ल्युपस झाल्यामुळे उचल मंदावते? शिवाय नातेवाईक तिला उपाशी राहण्याचा आग्रह करत आहेत. त्याने ऑटोफॅजी वाढते आणि 'मेलेल्या पेशी साफ होतात' असे त्यांचे म्हणणे आहे. हे खरे आहे का? पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमके काय विचारावे, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, आपले आकलन बरोबर आहे, उन्हाबद्दलचेसुद्धा. अतिनील किरणांनी मरणाऱ्या त्वचेच्या पेशींत केंद्रकातली द्रव्ये पृष्ठभागावरच्या फुगवट्यांत येऊन बसतात आणि तेथे प्रतिपिंडांना ती आयती सापडतात. म्हणून उन्हापासून जपणे हा उपचाराचाच भाग समजावा.

कारण की परिणाम, याचे उत्तर 'दोन्ही' असे आहे. रक्तातले सी-१-क्यू हे प्रथिन मृत पेशींना चिकटून त्यांची उचल सुलभ करते. ज्या मोजक्या लोकांत ते जन्मतःच नसते, त्यांतल्या बहुतेकांना ल्युपस होतो. तेथे दोष आधी आणि आजार नंतर, हे स्पष्ट दिसते. इतर बहुसंख्य रुग्णांत मात्र प्रतिपिंडे आणि डीएनए यांच्या जोडगोळ्या सी-१-क्यू ज्या गटातले आहे ती कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली प्रथिने खर्ची घालतात, त्यामुळे उचल आणखी मंदावते आणि चक्र सुरू राहते. केवळ उचल बिघडल्यानेही आजार होतो याचे स्वच्छ उदाहरण डोळ्यात मिळते. दृष्टिपटलातल्या प्रकाशग्राही पेशी आपली झिजलेली टोके रोज टाकतात व शेजारच्या पेशी ती गिळतात. त्यासाठी लागणाऱ्या एमईआरटीके या ग्राही प्रथिनाचे (पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरचे) जनुक बिघडले, तर टाकलेला माल साचत जाऊन दृष्टी हळूहळू जाते.

ऑटोफॅजी ही वेगळी गोष्ट आहे. त्यात जिवंत पेशी स्वतःचेच जुने भाग मोडून पुन्हा वापरते; योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले ते त्या कामासाठी. शेजारची मेलेली पेशी उचलण्याशी तिची गल्लत करू नये, आणि या समजुतीपोटी बहिणीला उपाशी तर मुळीच ठेवू नये, विशेषतः तिला स्टेरॉइड चालू असेल तर.

डॉक्टरांना सी-३ व सी-४ या कॉम्प्लिमेंट प्रथिनांची पातळी विचारा, कारण ती घसरत असेल तर वर सांगितलेला खर्च वाढला आहे असे समजतात. लघवीतले प्रथिन तपासले आहे का, हेही विचारा. त्याच जोडगोळ्या मूत्रपिंडात अडकतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसवरचे औषध चालू असेल तर ते मनाने बंद करू नका. ते मृत पेशी उचलत नाही, पण सांडलेल्या डीएनए-आरएनएमुळे पेशींच्या आत वाजणारी धोक्याची घंटा मंद करते. आणि रक्तदाब व कोलेस्टेरॉलही तपासून घ्या : रक्तवाहिन्यांच्या भित्तीत चरबी खाऊन मेलेले मॅक्रोफेज उचलले गेले नाहीत तर तेथे मृत गाभा साचतो, आणि ल्युपसच्या रुग्णांत हृदयविकाराचा धोका एरवीही जास्त असतो.