रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्या शिकारीची परवानगी शनिवार-रविवारीही वापरता यावी, यासाठी काय करावे?

भिवापूरचा शेतकरी

नमस्कार. आमची शेती नागपूर जिल्ह्यातील भिवापूर तालुक्यात आहे. तूर, हरभरा आणि थोडी मिरची, अशी पिके आम्ही घेतो. मी नोकरीनिमित्त आठवडाभर नागपुरात असतो आणि शेत वडील व काका सांभाळतात. हरभऱ्याला घाटे धरू लागले की रानडुकरांचे कळप रात्री शेतात उतरतात. खाण्यापेक्षा नासाडीच अधिक होते. सकाळी धुऱ्यावरून पाहिले तर तासेच्या तासे नांगर फिरवल्यासारखी उकरलेली दिसतात आणि पाण्यासाठी ठिबकच्या नळ्या चावून तुकडे केलेले असतात. रोही तुरीचे शेंडे खातात, आणि कळपच्या कळप एका वाटेने गेला की फांद्या मोडून पडतात त्या वेगळ्याच. कुंपणाच्या तारेला सौम्य विजेचा झटका देणारी झटका मशीन लावली आहे, पण डुकरे तारेखालची माती उकरून आत येतात. वडील आणि काका आळीपाळीने जागल करतात. दोघांचीही वये आता त्या कामाची राहिलेली नाहीत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याच्या शिकारीची परवानगी मिळू शकते आणि ती आम्ही रीतसर घेतली होती. अडचण पुढे आली. आमच्या ओळखीतले परवानाधारक नेमबाज नागपुरात शिक्षक आहेत. त्यांना शुक्रवारची रात्र ते रविवारची रात्र एवढाच वेळ मिळतो. परवानगीच्या अटीप्रमाणे मात्र वन कर्मचारी हजर असल्याशिवाय बार काढता येत नाही, आणि कार्यालयात सांगण्यात आले की शनिवार-रविवार सुट्टी असल्यामुळे माणूस देता येणार नाही. परवानगीची मुदत अशीच संपून गेली.

राज्य शासनाने 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू केला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ज्या दोन दिवशी कायद्याने वागणारा माणूस मोकळा असतो, नेमके तेच दोन दिवस या कामातून वगळले जात असतील, तर कायद्याची वाट कागदावरच राहते. शनिवार-रविवारच्या रात्री या परवानगीत स्पष्टपणे समाविष्ट व्हाव्यात, असे निवेदन आम्ही गावकरी देणार आहोत. ते कोणाकडे द्यावे आणि त्यात काय मागावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त वनपाल

भाऊ, आपली मागणी रास्त आहे, पण ती नेमक्या ठिकाणी लावायला हवी. कायद्यात वाराचा उल्लेख कुठेही नाही. कलम 9 ने शिकारीवर सरसकट बंदी आहे आणि कलम 11 हा तिचा अपवाद. अनुसूची 1 मधील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या, प्राण्यांबाबत निर्णय मुख्य वन्यजीव रक्षकांकडे असतो, तर रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारीही लेखी आणि सकारण आदेशाने परवानगी देऊ शकतो. उभे पीक ही मालमत्ता असल्याचे त्याच कलमात म्हटले आहे. म्हणजे कायदा बदलण्याची गरज नाही. आदेशातील अटी आणि मनुष्यबळाची आखणी, एवढेच बदलायचे आहे.

वन कर्मचारी का लागतो, हेही समजून घ्यावे. कलम 39 प्रमाणे मारलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. पंचनामा आणि विल्हेवाट रीतसर झाली नाही, तर परवानगी असलेला शेतकरीच मांस नेल्याच्या संशयात अडकतो. त्यामुळे ही अट काढून टाकावी असे मागू नका, ती तुमच्याच संरक्षणाची आहे. जंगलाला सुट्टी नसते. गस्त आणि वणव्याची कामे रविवारीही चालतात. अडते ते बहुधा अर्ज नोंदवणे, सही आणि निरोप पोहोचणे या ठिकाणी. म्हणून आदेशातच तारखा लिहून मागाव्यात, शनिवार-रविवारसह, आणि त्या रात्रींसाठी कोणता वनरक्षक व तो नसल्यास पर्यायी कोण, हेही नमूद करून घ्यावे. सातबारा, गट क्रमांकासह नकाशा आणि नेमबाजाच्या परवान्याची प्रत जोडून हरभरा फुलावर असतानाच अर्ज द्या. घाटे भरल्यावर दिलेला अर्ज हंगाम संपल्यावर मंजूर होतो. निवेदन वनक्षेत्रपालांकडे द्यावे आणि प्रत उपवनसंरक्षकांना. मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय नागपुरातच असल्याने तिसरी प्रत तिथे हातोहात देता येईल.

उमरेड परिसरातील निसर्ग अभ्यासक

मूळ प्रश्नकर्त्यांच्या नुकसानीबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे, तरीही या मागणीविषयी दोन गंभीर चिंता मांडतो. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यालगतच्या पट्ट्यात रानडुक्कर आणि रोही हे वाघाचे भक्ष्य आहेत. ते तिथे कमी झाले तर वाघ गोठ्याकडे वळण्याची भीती आहे, आणि त्याचा फटका याच गावांना बसेल. दुसरी चिंता शनिवार-रविवारचीच आहे. नोकरदार शेतकऱ्याच्या आडून शहरातील हौशी बंदूकधारी गाड्या भरून येऊ लागले, तर ते पीकसंरक्षण उरणार नाही. रात्रीच्या अंधारात, तुरीच्या उंच पिकात, जागलीला बसलेला माणूस आणि डुक्कर यांतला फरक ओळखणे सोपे नसते.

तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. कायदेशीर मार्ग बंद किंवा निरुपयोगी दिसला की काही जण कुंपणात थेट वीजप्रवाह सोडतात. त्या तारेला डुक्कर कळत नाही आणि वाघही कळत नाही. विदर्भात असे वाघ मेले आहेत आणि माणसेही मेली आहेत. शनिवार-रविवारच्या देखरेखीखालील परवानगीमुळे ही तार निघणार असेल, तर माझा विरोध राहणार नाही. मात्र अभयारण्याच्या सीमेपासूनचे अंतर, एका शेतात एकच नेमबाज आणि पिले सोबत असलेल्या मादीवर बार न काढणे, या अटी निवेदनातच असाव्यात.

लक्ष्मीनगर, नागपूर

माझा धाकटा भाऊ अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात राहतो, म्हणून तिथला अनुभव सांगते. तिथे शिकार हा परवान्याने चालणारा मान्यताप्राप्त छंद आहे आणि हरणांच्या संख्येवर नियंत्रण ठेवण्याचा तो एक मार्गही आहे. आपल्याकडे 1991 च्या दुरुस्तीनंतर छंदाची शिकार कायद्यातच उरलेली नाही, हा मोठा फरक आधी लक्षात घ्यावा. रविवार हा प्रार्थनेचा आणि विश्रांतीचा वार, या धारणेतून तिथे रविवारच्या शिकारीवर शतकाहून अधिक काळ बंदी होती; कोल्हे, कायोटी (लहान लांडग्यासारखा तिथला प्राणी) आणि कावळे एवढाच अपवाद. आठवडाभर कामावर जाणारी माणसे आणि शाळकरी मुले यांना उरतो तो एकटा शनिवार, असा तिथल्या शिकाऱ्यांचा युक्तिवाद होता. त्यावरून 2019 च्या कायद्याने वर्षात 3 रविवार खुले झाले आणि 2025 च्या कायद्याने उरलेली बंदीही हटवून रविवार ठरवण्याचा अधिकार तिथल्या वन्यजीव आयोगाला दिला.

आपल्यासाठी घेण्यासारखी गोष्ट मला वेगळीच वाटते. रविवारी आपल्या जमिनीवर अनोळखी बंदूकधारी नकोत, असे तिथल्या अनेक शेतकऱ्यांचे म्हणणे होते. त्यामुळे 2019 च्या कायद्यात खासगी जमिनीवर रविवारी शिकार करायची असल्यास मालकाची लेखी संमती बंधनकारक केली आणि घुसखोरीवरील कारवाईही कडक केली. आपणही शेजारच्या गटांच्या मालकांची लेखी संमती अर्जाला जोडावी. हौशी लोकांबद्दलची वरची शंका त्यामुळे बरीच दूर होईल, आणि त्या रात्री बार निघणार आहे हे शेजारच्या जागल्यालाही आधीच कळेल.

भिवापूरचा शेतकरी

सर्वांचे मनापासून आभार. शेजाऱ्यांच्या लेखी संमतीची आणि एका शेतात एकच नेमबाज ही अट आम्ही निवेदनात घालणार आहोत. पिलांसोबतच्या मादीची अटही मान्य आहे. अभयारण्यापासूनच्या अंतराबाबत मात्र मला वेगळे म्हणायचे आहे. ज्यांचे शेत सीमेला लागून आहे त्यांचेच नुकसान सर्वाधिक होते, आणि अंतराच्या अटीने नेमके तेच शेतकरी वगळले जातील. वाघाचे भक्ष्य राखणे जर सर्वांच्या हिताचे असेल, तर त्याची किंमत सीमेवरच्या चार घरांनी एकट्याने भरू नये. तिथे परवानगी द्यायची नसेल, तर निदान कुंपणाचा पूर्ण खर्च आणि वेळेत भरपाई मिळावी, असे आम्ही स्पष्ट लिहू.

आणखी एक विचारतो. वडिलांच्या नावे पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीचा परवाना आहे. नेमबाज न मिळाल्यास ती वापरता येईल का?

निवृत्त वनपाल

शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहेच. पण तो परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वनविभागाच्या आदेशात वडिलांचे नाव आणि त्या शस्त्राचा तपशील असल्याशिवाय बार काढू नये. मोठ्या जनावरावर ठासणीच्या बंदुकीने बार केला तर ते जखमी होऊन पळण्याचा धोका अधिक असतो, म्हणून माझा सल्ला अनुभवी नेमबाजाचाच राहील. आणि परवानगीच्या तारखा मागताना निवडणुकीची आचारसंहिता पाहून घ्या. त्या काळात परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागू शकतात. 2024 ची विधानसभा निवडणूक 20 नोव्हेंबरला, ऐन तुरीच्या दिवसांत झाली होती. असे पुन्हा घडले, तर शस्त्र बाळगण्याची सूट मिळावी म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे वेगळा अर्ज करा आणि त्याला वनविभागाच्या आदेशाची प्रत जोडा.