सपाट पायवाट नकाशावरून कशी ओळखायची? मदत हवी आहे

मंडळी, आईला घेऊन तळ्याकाठच्या, झाडीतल्या सोप्या वाटा चालायच्या आहेत. तिचे गुडघे चढाला तक्रार करत नाहीत, उताराला करतात. त्यामुळे नुसत्या 'सोपी वाट' या शेऱ्यावर माझा भरवसा नाही. सोपी कोणाला, हे कोणी लिहीतच नाही!

वेळेसाठी मी नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा नियम लावते: ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. पण त्यात थांबणं धरलेलं नाही, आणि चिखल तर नाहीच. होड्यांसाठी खोदलेल्या कालव्याचा काठ त्यातल्या त्यात बरा वाटतो. पाणी एका पातळीत ठेवावं लागतं, म्हणून वाटही जवळजवळ सपाट.

खरी अडचण तळ्यांची आणि झाडीची. समोच्च रेषा (नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) दर १० मीटर उंचीला एक अशा असतील तर मधला सात-आठ मीटरचा खडा चढ नकाशावर दिसतच नाही. शिवाय सावलीत वाट लवकर वाळत नाही, आणि ओल्या मुळावरून पाय सटकन सरकतो. आईला नेमकी त्याचीच धास्ती.

तर, असे लपलेले चढ-उतार आणि ओलसर पट्टे तुम्ही आधी कसे हेरता? उपग्रहचित्रांतून काही कळतं का? आणि उतारावर काठी एक घ्यावी की दोन? गुडघेदुखी असलेल्यांनी जरूर सांगा.