सर्वसमावेशक खेळाचं मैदान : अनुदानाचा प्रस्ताव कसा बांधावा?

कृष्णाकाठ_अभियंता

नमस्कार मंडळी. 'क' वर्ग नगरपरिषद आहे. विकास आराखड्यात बगीच्यासाठी आरक्षित असलेली, ताब्यात आलेली साधारण १,००० चौरस मीटर जागा आहे. व्हीलचेअरवरची, अंध, स्वमग्न मुलं आणि बाकीची मुलं एकाच ठिकाणी खेळू शकतील असं मैदान करायचं आहे. स्वनिधी पुरणार नाही, म्हणून मुख्याधिकाऱ्यांनी प्रस्ताव मागवला आहे. हातात सध्या पुरवठादाराने दिलेली खेळण्यांची यादी आणि त्याचं दरपत्रक एवढंच आहे.

निधी कुठल्या दारात मागावा? नगरपरिषदेने दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या ५ टक्के निधीतून पूर्ण काम करता येईल का? आणि अंदाजपत्रकात हमखास काय सुटतं?

नियोजन_शाखा

दरपत्रक म्हणजे प्रस्ताव नव्हे. ते जोडून पाठवलंत तर पहिल्याच टेबलावरून त्रुटी लागून परत येईल.

आधी कागद. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, आराखड्याचा भाग नकाशा, मोजणी नकाशा, सर्वसाधारण सभेचा ठराव (प्रशासक असतील तर प्रशासकीय ठराव), 'हे काम दुसऱ्या कुठल्याही योजनेतून घेतलेलं नाही' असा दाखला आणि देखभालीची हमी. ठरावात 'उद्यान विकसित करणे' असं मोघम लिहू नका, कामाचं पूर्ण नाव लिहा. नाव मोघम ठेवलं की पुढे निधी कारंजं आणि कमानीकडे वळतो आणि त्याला कुणी हरकतही घेऊ शकत नाही.

निधीचे रस्ते असे. नगरविकास विभागाचं वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचं विशेष अनुदान, जिल्हा वार्षिक योजना, आमदार-खासदार स्थानिक विकास निधी आणि सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी). एकाच रस्त्यावर विसंबू नका. कामाचे स्वतंत्र मोजता येतील असे भाग पाडा. सपाटीकरण, निचरा, कुंपण, पायवाट आणि स्वच्छतागृह सरकारी निधीतून. खेळणी, रबर पृष्ठभाग आणि सावलीचं छत सीएसआरमधून. मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंद) आणि उपयोगिता प्रमाणपत्र (निधी त्याच कामावर खर्च झाल्याचा दाखला) प्रत्येक भागाचं वेगळं राहतं, म्हणून दुबार खर्चाचा आक्षेप निघत नाही.

सीएसआरमध्ये कंपनीचा पहिला प्रश्न असतो, मालमत्ता कोणाच्या नावावर राहणार? नियमांप्रमाणे सीएसआरमधून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता सार्वजनिक प्राधिकरणाकडे ठेवता येते, म्हणजे नगरपरिषदेची अडचण नाही. कंपनीने स्वतः किंवा सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरची कामं करण्यासाठीची सरकारी नोंदणी) असलेल्या संस्थेमार्फत काम करून तुमच्याकडे हस्तांतरित करावं, हे सगळ्यात सोपं. तिघांच्या करारात देखभाल कोणाची हे आधीच लिहून घ्या. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये जाऊ नका. तोवर वर्षाची रक्कम वाटून झालेली असते. एप्रिल ते जूनमध्ये भेटा.

५ टक्के निधीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: अख्खं मैदान त्यावर टाकू नका. त्याच पैशातून शहरातल्या दिव्यांग व्यक्तींना थेट साहाय्य जातं आणि तो त्यांचा हक्क आहे. फार तर रॅम्प, स्पर्शफरशी (अंधांना पायाने वाट कळावी अशी उठावाची फरशी), ब्रेल फलक असा थोडा भाग त्यातून घ्या, तोही स्थानिक दिव्यांग संघटनांना विचारून.

गरज सिद्ध करायला वर्तमानपत्रातली कात्रणं चालत नाहीत. गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांकडून शाळानिहाय मुलांची संख्या प्रकारासह घ्या. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. तुमच्या गावात कोणत्या प्रकारची किती मुलं आहेत यावरच खेळणी ठरली पाहिजेत. त्याच कायद्याचं कलम २९ मनोरंजनाबद्दल आहे, त्याचा उल्लेख प्रस्तावात करा.

मैदान_आरेखन

तांत्रिक बाजू मी घेते. पुरवठादाराची यादी बाजूला ठेवा आणि फाटकापासून सुरुवात करा.

दुचाकी अडवायला बागांना जे फिरतं किंवा नागमोडी फाटक लावतात, त्यातून व्हीलचेअर जात नाही. आत लाखोंची खेळणी आणि मूल बाहेरच! किमान ९०० मिमी मोकळी वाट हवी. पायवाट १,८०० मिमी रुंद ठेवा, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोर जातात. उतार १:२० पेक्षा तीव्र नको. वाळू, खडी आणि सैल मुरूम वाटेवर चालत नाहीत, कारण पुढची लहान चाकं रुततात.

मल्टीप्लेचा, म्हणजे मंच, घसरगुंडी वगैरे एकत्र असलेल्या खेळण्याचा, रॅम्प १:१२. मंच ९०० मिमी उंच असेल तर नुसता उतार १०.८ मीटर होतो. तो दोन टप्प्यांत करून मध्ये, वर आणि खाली प्रत्येकी १.५ मीटरचा सपाट भाग धरला की १५.३ मीटर लांबी लागते. यादीतल्या चित्रात ही लांबी कधीच दिसत नाही. जागा तेवढी नसेल तर मंच खाली आणा किंवा व्हीलचेअरवरून सरकून बसता येईल असा २८० ते ४६० मिमी उंचीचा ओटा करा. वर नेऊन सोडण्यापेक्षा जमिनीलगतचे खेळ वाढवलेले बरे. वाळूच्या टेबलाखाली गुडघ्यांसाठी ६१० मिमी उंच, ४३० मिमी खोल आणि ७६० मिमी रुंद मोकळी जागा ठेवा.

खरा पैसा पृष्ठभागात जातो आणि तोच अंदाजपत्रकात कमी पडतो. झोपाळ्याचा आडवा दांडा २.४ मीटर उंच असेल तर पुढे ४.८ आणि मागे ४.८ मीटर सुरक्षित जागा लागते, बाजूंना १.८३ मीटर. हे अमेरिकी ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेतलं माप आहे. ३ मीटर रुंदीच्या एका झोपाळ्याला जवळपास ६४ चौरस मीटर रबर! निविदेत 'अमुक मिमी जाडी' एवढंच लिहू नका. पडण्याची कमाल उंची लिहा आणि त्या उंचीवर डोक्याच्या इजेचा निर्देशांक, म्हणजे एचआयसी, १,००० च्या आत असल्याचा ईएन ११७७ (युरोपीय) किंवा एएसटीएम एफ १२९२ (अमेरिकी) मानकाप्रमाणेचा चाचणी अहवाल मागा. तोही त्याच जाडीचा आणि त्याच थराचा.

व्हीलचेअर झोक्याबद्दल सावध राहा. व्हीलचेअरसकट चढता येणारा त्याचा मंच जड असतो आणि हलत असताना समोर आलेल्या लहान मुलाला जोरात लागतो. स्वतंत्र कुंपण, कुलूप आणि हजर माणूस नसेल तर घेऊच नका. बहुतेक ठिकाणी त्याला कायमचं कुलूप लागतं. त्याऐवजी पाठीला आधार आणि पट्टा असलेली आसनं आणि दोन-तीन मुलं एकत्र मावतील असा टोपली झोका घ्या. जमिनीच्या पातळीतली चक्री उत्तम, व्हीलचेअर सरळ आत जाते. पण तिच्याखालच्या खड्ड्याला गटारापर्यंत नळ हवाच. तो नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात खड्डा भरतो आणि बेअरिंग गंजतात.

स्वमग्न मुलांसाठी गोंगाटापासून दूर, तीन बाजूंनी झाडं असलेला एक कोपरा ठेवा. कुंपण पूर्ण आणि फाटक एकच, कारण काही मुलं अचानक धावत सुटतात. घसरगुंडीचं तोंड उत्तरेला करा. एप्रिलच्या दुपारी पत्रा आणि गडद रबर दोन्ही पोळतात, त्यामुळे छत 'शोभेची बाब' म्हणून कापू देऊ नका.

कृष्णाकाठ_अभियंता

ताई, सर, फार उपयोग झाला. खेळणी आणि रबर राज्य दरसूचीत (कामांच्या सरकारी दरांच्या यादीत) नाहीत. तांत्रिक मान्यतेला अडेल का?

निविदा_कक्ष

अडणार नाही. किमान तीन दरपत्रकं घ्या, दर विश्लेषण जोडा, जीएसटी वेगळा दाखवा. तिन्ही दरपत्रकांचं तपशीलवर्णन शब्दशः सारखं ठेवा. एकाने फक्त एसबीआरचा (खालच्या रबराचा) काळा थर आणि दुसऱ्याने वर ईपीडीएमसह (वरच्या रंगीत रबरासह) दर दिला तर तुलनाच होत नाही आणि लेखापरीक्षणात तोच मुद्दा निघतो.

काँक्रीट पाया २८ दिवस पिकून कोरडा झाल्याशिवाय रबर ओतू देऊ नका. ओल्या पायावर ते सुटतं, फुगे येतात. मार्चअखेरच्या घाईत नेमकं हेच होतं, म्हणून कार्यारंभ आदेशातच हा टप्पा लिहा. अंतिम देयकापूर्वी ठेकेदाराकडून दोन-तीन ठिकाणी गोल तुकडा कापून थरांची जाडी मोजा आणि भोकं त्याच्याकडूनच बुजवून घ्या. वरचा ईपीडीएम थर महाग असतो, पातळ केला जातो तो तोच.

देखभाल त्याच निविदेत पाच वर्षांसाठी, स्वतंत्र बाब म्हणून घ्या आणि पैसे तिमाही तपासणी अहवालावरच द्या. झोपाळ्याच्या साखळ्या, बुश (सांध्यातली झिजणारी नळी), बेअरिंग आणि रबराच्या उचललेल्या कडा यांची यादी निविदेला जोडा. सुटे भाग पहिल्याच खरेदीत घ्या. परदेशी खेळण्याचं एक बुश यायला महिने जातात आणि तेवढा काळ ते खेळणं दोरी बांधून बंद ठेवावं लागतं.