अविश्वसनीय निवेदक की बेभरवशाचा?

पाटीपेन्सिल: वाचनगटासाठी 'द ग्रेट गॅट्सबी' या इंग्रजी कादंबरीवर लिहितेय. त्यात गोष्ट सांगणाऱ्या निक कॅरवेला 'अविश्वसनीय निवेदक' (unreliable narrator, ज्याच्या सांगण्यावर विसंबता येत नाही असा) म्हटलं तर नवरा विचारतो, म्हणजे फार भारी सांगतो का? 'अविश्वसनीय कामगिरी' ऐकून ऐकून तोच अर्थ डोक्यात बसलाय. दुसरं काय म्हणू? आणि डेझीचा नवरा टॉम आणि मर्टल यांचं जे चाललंय तो व्यभिचार की विवाहबाह्य संबंध?

तिरकस: बेभरवशाचा निवेदक. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी स्वतःच म्हणतो की मी पाहिलेल्या मोजक्या प्रामाणिक माणसांत मी एक. भरवशाच्या म्हशीला टोणगा!

कोकम: पण खोटं कुठे बोलतो? टॉमबरोबर जाऊन मर्टलच्या फ्लॅटवर पितो, तिचं नाक फुटलेलं बघतो, आणि मग डेझी-गॅट्सबीची भेट आपल्याच घरी चहाला घडवून आणतो, मर्टलला उडवणारी गाडी डेझी चालवत होती हे टॉमला शेवटपर्यंत सांगत नाही. अशाला आमच्याकडे 'आतल्या गाठीचा' म्हणतात.

ऱ्हस्वदीर्घ: व्यभिचारच लिहा. वि-अभि-चर्, वाट सोडून जाणं. न्यायदर्शनाच्या तर्कशास्त्रात भरकटलेल्या हेतूलाही, म्हणजे युक्तिवादातल्या कारणालाही, सव्यभिचार म्हणतात, म्हणजे तुमच्या निवेदकालाही चालेल. फक्त ते अर्धं फारसी 'बाहेरख्याली' नको.

तिरकस: ख्याल नको तर मैफलीत काय गाणार मग? व्यभिचार हा कोर्टातला शब्द, त्याला गुन्हा ठरवणारं ४९७ कलम तर २०१८ साली सुप्रीम कोर्टानेच रद्द केलं. घरात कोण म्हणतं 'त्याचा व्यभिचार चालू आहे'? 'त्याचं बाहेर आहे' म्हणतात. पहिल्या प्रकरणात जेवताना टॉमला फोन येतो, डेझी मागोमाग आत जाते आणि तिची मैत्रीण जॉर्डन निकच्या कानाशी लागते की टॉमची न्यूयॉर्कात कुणी बाई आहे, ते वाक्य मराठीत हेच होणार.

कोकम: 'बाहेरचं' म्हटलं की आमच्याकडे भूतबाधा 😄 आजी मर्टलला सरळ अंगवस्त्र म्हणाली असती.

ऱ्हस्वदीर्घ: अंगवस्त्र कसं? तिला नवरा आहे, गॅरेज चालवतो. अंगवस्त्र म्हणजे ठेवलेली बाई.

कोकम: फ्लॅट टॉमचा, कुत्रं टॉमच्या पैशाचं, अजून काय ठेवायचं राहिलं?

पाटीपेन्सिल: अहो, निवेदकाचं काय?? शनिवारी वाचायचंय.

तिरकस: बेभरवशाचा. सांगितलं की.

ऱ्हस्वदीर्घ: 'भरवसा' तरी शुद्ध आहे का ते आधी बघा, त्याला 'बे' लावलाय तो फारसीच. आणि अंगवस्त्र म्हणजे मुळात उपरणं, खांद्यावर टाकायचं.

कोकम: टाकायचं म्हणूनच तर तो शब्द आला ना!